वंदीच्या डबीतला सूर

माही बहीन नागपुरात गेली आन् मी उतरलो तेलंगानात. हे असं दुसऱ्या कोनाच्या नशिबी येनार नाई, माह्याच येते. बल्लारशाच्या टेसनावर उभा होतो, हातात डबा, डब्यात सुक्या झिंग्याची चटनी. नागपूरच्या दवाखान्यातून वंदीनं निरोप धाडला होता का, तोंडाले चव नाई, दादाले म्हना झिंगे घेऊन ये. फोन वाजला. तिच्यापाशी आमचा मामेभाऊ होता, तो म्हने, "सोमा, कुठी आहेस? बस जरासा." मी म्हनलो, "बसूनच येतो, जागा भेटली तर." त्याले वाटलं मले समजलंच नाई. समजलं होतं जी. त्याच्या आवाजावरूनच समजलं होतं. पन माह्या तोंडाले अशी सवय लागली आहे का काईबी झालं तरी पहिले गंमतच निघते, मंग मागून बाकीचं येते... तेवढ्यात गाडी आली. कोन्ती, कुठची, मले अक्षर वाचता येत नाई. बाजूच्याले इचारलं, "जाते ना जी?" तो म्हने, "जाते ना." आता गाडी जातेच, बाप्पा. चढलो. खिडकीतून जंगलच जंगल दिसून राह्यलं, तरी डोक्यात उजेड पडला नाई. चहावाला तेलुगूत ओरडाले लागला तवा समजलं का कागजनगर आलं.

तिथून परत फिरून घरी पोचलो तवा वंदीले गावात आनून ठेवलं होतं आन् सारा गाव माह्यासाठी अंगनात थांबून होता. शेजारची चंद्राबाई म्हने, "सोमा, इतका येळ कुठी होतास रे?" मी म्हनलो, "कागजनगरले गेल्तो." चंद्राबाईले एकदम हसू आलं. तिनं पदर तोंडात कोंबला, आन् मंग ती मोठ्यानं रडाले लागली. मी वंदीकडे पाह्यलं. जिती असती तर सगळ्यात पहिले हीच हसली असती. लोटपोट झाली असती आन् म्हनली असती, "दादा, मले भेटाले निघाला तरी उलटाच."

त्याले आता काई हप्ते झाले. पेपरच्या पुरवनीवाल्या बाई घरी आल्या, म्हने तुमच्या बहिनीवर लिहा. मी म्हनलो, बाई, मी सही बी आंगठ्यानं करतो. त्या म्हने, तुम्ही बोला, आम्ही जसंच्या तसं उतरवून घेतो. म्हनून हे बोलून राह्यलो. मी झाडीपट्टीच्या नाटकात जोकरचं काम करतो. दिवाळी झाली का मंडई, म्हनजे आमच्याकडच्या जत्रा, भरतेत, गावोगाव नाटकं लागतेत, होळीपर्यंत आम्ही राजे. होळी झाली का मी पुन्हा गोंडपिपरीकडच्या आमच्या गावच्या तलावात जाळं टाकतो. आमचं खानदानच मासोळीवालं. फक्त बाबा येगळे निघाले. त्यायच्या हाताले पेटी लागली. नाटकाच्या पार्टीत बाबा पेटीमास्तर, आन् पेटीमास्तर म्हनजे पार्टीचा जीव. नटानं चूक केली तर लोकं सोडून देतेत, पेटी चुकली तर मंडप उठून जाते.

आमची माय आम्ही लहान असतानाच गेली. मी मोठा, वंदी धाकटी. बाबानं दोघायले शाळेत टाकलं. मास्तरनं मले उठाबशा काढाले लावल्या, पाढा आला नाई म्हनून. मी पाढा म्हनन्यापेक्षा उठाबशा बऱ्या, असा हिशेब केला आन् रोज तेच करत गेलो. मंग पाय दुखाले लागले, तवा शाळाच सोडली. वंदी मात्र चिकटली. आन् चिकटली म्हनजे कशी, एक दिवस दुपारी बाबा झोपले तं ह्या पोट्टीनं पेटीच उघडली. वरची फळी काढली, आंदरचे पितळेचे सूर एकेक करून बाहेर काढले, जमिनीवर रांगेनं मांडले. बाबा उठले तं पेटीचं पोट रिकामं. मले वाटलं आता मार बसते, म्हनून मी तयारीनं पुढं झालो, कारन आमच्या घरी मार माह्याच नावानं यायचा. बाबानं मारलं नाई. वंदीच्या शेजारी बसले. तिनं एक पितळेचा तुकडा ओठापाशी धरला, फुंकला आन् इचारलं, "बाबा, हे हालते म्हनून वाजते, का वाजते म्हनून हालते?" बाबानं तो तुकडा तिच्या हातून घेतला, उलटापालटा करून पाह्यला. मंग म्हने, "तू शिकशील आन् मले सांगशील."

मले नाटकात पार्ट भेटाले लागले तवा अडचन आली वाचायची. डायलाग कागदावर, कागद माह्यासाठी कोरा. वंदी वाचून दाखवायची. ओट्यावर ती पाय सोडून बसायची, मी समोर उभा. राजाचं बी ती, रानीचं बी ती, अन् माह्या जोकरचं बी तीच वाचायची, तेबी असं का मलेच हसू यायचं. ती कॉलेजात गेली, पुढं बंगलोरले गेली, तरी दर साली दिवाळीच्या आधी फोनवर माहा पार्ट म्हनून दाखवायची. आजही मी स्टेजवर तोंड उघडलं का पहिले तिचाच आवाज कानात येते, मंग माहा. लोकायले वाटते सोमाचं टायमिंग भारी आहे. सोमा फक्त तिचं ऐकून थोडा थांबते, बस.

बंगलोरले एका मोठ्या संस्थेत ती संशोधन कराले लागली. गावात लोकं बाबाले इचारायचे, "पोरगी काय करते जी तिकडे?" बाबा म्हनायचे, "रेडू दुरुस्त करते." मी बी तेच सांगायचो. मंग एकदा तिनं मले बलावलं. सुक्या मासोळीचं बोचकं घेऊन गेलो. दरवाज्यावर एक उंचपुरा मानूस उभा होता, कडक कपडे, मिशा, छातीवर पट्टी. मले वाटलं हेच वंदीचे सर. सरळ पाय धरले. तो वॉचमन निघाला. मंग खरे सर आले, चप्पल घातलेले, साधासा टी-शर्ट, तं मी त्यायले म्हनलो, "भाऊ, हे बोचकं धरता का जरा?" त्यायनं धरलं बी. वंदी मागं उभी, हसून हसून भिंतीले टेकली.

आंदर जाच्या आधी मले पांढरा झगा, टोपी, पायाले पिशव्या. काचेत सोताले पाह्यलं तं वाटलं नवीन पार्ट भेटला. मले वाटलं होतं आंदर आता इंजिनाएवढी मशीन असंल. वंदी एका टेबलाशी बसली, काळ्या चमकत्या खड्याले साधी चिकटपट्टी लावली आन् ओढली. पुन्हा लावली, पुन्हा ओढली. मी म्हनलो, "वंदे, बाबानं तुले एवढं शिकवलं आन् तू इथी चिकटपट्टी खेळून राह्यली?" ती म्हने, "दादा, हा टँटॅलम नावाचा धातू आन् गंधक यायचा खडा आहे. कांद्यासारखे पापुद्रे आहे याले. पट्टीनं सोलत सोलत गेलं का डोळ्याले दिसनार नाई एवढी पातळ चकती भेटते. तिच्यातून मी सूर काढते."

मी म्हनलो, "फुंकून?"

"नाई रे. तुह्या नाटकाच्या मंडपात लोकं कशे बसतेत सांग."

"सतरंजीवर."

"अरे, एकेकटे बसतेत का?"

"नाई वं. घरघर मिळून बसतेत. मायबाप, लेकरं, पाव्हने, सगळे एका जागी गोळा. मंधातून कोनाले जाऊ देत नाई."

"बस. ह्या चकतीत इलेक्ट्रॉन तशेच घोळके करून बसते. वाट भेटत नाई म्हनून करंट जात नाई. मी वरून जोर लावला का सगळे उठून उभे राह्यते."

"मी स्टेजवर आल्यावर उठतेत तशे."

"तू आल्यावर लोकं चहा प्याले उठतेत, दादा. पन तसंच समज. उठले का वाट मोकळी होते, करंट सुटते. करंट सुटला का जोर उतरते, जोर उतरला का ते पुन्हा घोळके करून बसते. बसले का जोर पुन्हा चढते, पुन्हा उठते..."

"उठाबशा!" मी ओरडलो. त्या खोलीत ओरडू नोये म्हनते.

"हो, उठाबशाच. एका सेकंदात लाखो. आन् जोर कमीजास्त केला का उठाबशाचा येग बदलते. येग बदलला का सूर बदलते."

मी म्हनलो, म्हनजे तुह्या शाळेत मी पयल्या नंबरानं पास झालो असतो. तिनं मले सांगितलं का हेच काम कराले बाकीच्या मशिनीत तारेचे गुंडाळे लागतेत, किती सामान लागते, आन् इथी सारं काम ही एवढीशी चकती एकटी करते. असे हजार जोडले तर मेंदूसारखं काईतरी बनवता येईल म्हने. यालेच क्वांटमवालं मटेरियल म्हनतेत. मले मेंदूचं काई समजलं नाई, माह्यापाशी नमुना नाई. पन परत येऊन मी बाबाले सांगतलं, "बाबा, वंदी रेडू दुरुस्त करत नाई. ती पेटीच बनवते. फक्त तिची पेटी दिसत नाई." बाबानं इचारलं, "कोन्त्या सुराची?" मी म्हनलो, "कोन्त्याबी." बाबा म्हने, "मंग चांगली पेटी आहे."

पन तेवढ्यात बाबाचेच कान जाऊन राह्यले होते. आम्हाले आधी पत्ता लागला नाई, बाबाले तं बिलकुलच नाई. त्यायले वाटे पेटीच बिघडली. "वरचे सूर बसले हिचे," म्हनायचे आन् पेटी दुरुस्तीले न्यायचे. दुरुस्तीवाला भाता पुसून परत द्यायचा, त्याले तरी काय भेटनार? एका मंडईत नाटक चालू असताना बाबा वरच्या पट्टीत येगळंच वाजवत गेले. नायिका गाऊन राह्यली एकीकडे, पेटी दुसरीकडे. लोकं उठाले लागले तं मी पळत स्टेजवर गेलो, पाय घसरल्याचं सोंग केलं आन् तबल्यावर पडलो. मंडप हसला. बाबा बी हसले, त्यायले वाटलं माहाच पार्ट आहे. त्या सालापासून पार्टीनं दुसरा पेटीमास्तर घेतला. बाबाले कानात घालायची मशीन आनून देली, तं ती शिट्टी मारते म्हनून खिशात घालून ठेवली. सकाळी पेटी घेऊन ओट्यावर बसायचे, भाता हालवायचे आन् कान खाली लावून पाह्यत राह्यचे, वासरू मेलेल्या गाईवानी... सूर येते का, सूर येते का.

वंदीले हे मी फोनवर सांगतलं होतं. ती नुसती म्हने, "खालचे सूर उशिरा जाते, दादा. काईतरी उरलं असंल." आन् त्याच साली तिच्या रक्तात तो रोग निघाला. बंगलोरात औषधपानी झालं, केस गेले, रोग गेला नाई. शेवटी ती म्हने मले घरी जाच आहे. होळीच्या तोंडावर आली. मी तिले टेसनावर घ्याले गेलो तं ओळखलंच नाई, तिच्या समोरून दोनदा गेलो. ती बाकड्यावरूनच म्हने, "पायलागू वॉचमनसाहेब." तवा ओळखलं.

तिच्या पिशवीत एक प्लॅस्टिकची डबी होती, साबनाच्या डबीएवढी. आंदर तिनं बनवलेली चकती, चकतीले केसाहून बारीक सोन्याच्या तारा, बाजूले बॅटरी, लहानसा स्पीकर, आन् एक फिरवायचं बटन. कामातून काढून टाकलेल्यातली होती, सरायनं तिले आठवन म्हनून देली. ती चकती खरी तं इतकी जोरात उठाबशा काढते का आपल्या कानाले येतच नाई. म्हनून तिनं सोबत काईतरी जोडून तिले हळू केलं होतं. मले म्हने, "दादा, बाबाले ऐकवाची आहे. वरून खाली एकेक सूर उतरत जाऊ. बाबाच्या कानात कुठी ना कुठी एक सूर जिता असंल. तो मले भेटला पायजे."

मी म्हनलो, "मोबाईलवर बी निंगते वं असे सूर."

"निंगते. पन ते मी नाई केले."

मंग मले समजलं का ही परीक्षा बाबाच्या कानाची नाई. लहानपनी बाबानं तिले म्हनलं होतं शिकून सांग, ते तिले सांगाचं होतं, आन् तिच्यापाशी येळ नव्हता, बाबापाशी कान नव्हते.

पयल्यांदा घरीच पाह्यलं, दुपारी. आमचं टिनाचं छत, होळी झालेली, आमच्याकडचं ऊन तुम्हाले सांगाची गरज नाई. बटन फिरवलं तं डबी जराशी कुरकुरली, सूर सरकत सरकत गेला आन् बंद. वंदी म्हने, "गरमीत ते इलेक्ट्रॉन घोळके करून बसतच नाई. सगळे उभेच राह्यले तं उठाबशा कशा होतीन?" मी म्हनलो, बरोबर आहे त्यायचं, ह्या टिनाखाली मी बी बसत नाई. ठरलं का सकाळी सकाळी तलावाच्या पाळीवर जाच, तिथी आंब्याखाली गार राह्यते. पन वंदीले चालवत नव्हतं. मंग मी नाटकाच्या सामानातून राजाची खुर्ची काढली. सोनेरी रंगाची, दोन्हीकडे सिंहाची तोंडं, एका सिंहाचं नाक तुटलेलं. तिच्यावर वंदीले बसवलं आन् मी पुढं, शेजारचा कवडू मागं, असे उचलून निघालो. मागं बाबा डोक्यावर पेटी घेऊन. वंदी टक्कल झाकाले माहा जोकरचा टोप घालून बसली होती. रस्त्यात बाया वाकून पाहून राह्यल्या. ती हात वर करून म्हने, "प्रजाजनहो, कर भरा."

पाळीवर खुर्ची ठेवली. बाबा समोर मांडी घालून बसले, पेटी पुढ्यात. हवा गार होती, तलावावर बदकं उतरत होते. वंदीनं बाबाले दिसावं म्हनून डबीचं झाकन काढलं, चकतीवरची काच बी काढली. बाबाले इशाऱ्यानं सांगतलं, ऐकू आलं का बोट वर करा. बाबानं मान हालवली. वंदीनं बटन फिरवलं आन् डबीतून आवाज आला... बारीक, शिट्टीसारखा, पन एकदम सरळ. मी बेसूर मानूस, पन मले बी समजलं का हा सूर आहे. बाबा तसेच. वंदीनं खाली उतरवला. बाबा तसेच. आनखी खाली. माहेच कान फुटाची येळ आली, बाबाचा चेहरा कोरा. मी तिकडे पाहूच शकलो नाई, बदकं मोजाले लागलो, ते बी येत नाई मले. डबी आता बैलानं हुंकार द्यावा तशी वाजून राह्यली होती. आन् बाबाचं बोट हाललं.

वर झालं बोट. बाबा डोळे मिटून म्हने, "काळी दोन. खर्जातली." दुसऱ्या हातानं त्यायनं पेटीची तीच, खालच्या सप्तकातली दुसरी काळी पट्टी दाबली. डबी आन् पेटी एक झाली. तुम्हाले कसं सांगू... दोन आवाज होते, एक ऐकू येऊन राह्यला होता. वंदीनं माह्याकडे पाह्यलं. तशी ती कवाच दिसली नव्हती, शाळेत नंबर आला तवा बी नाई.

आन् मंग बाबानं ते केलं जे आमच्या घरी कोनीबी केलं असतं. आमच्यात नवीन वाद्य घरात आलं का पयला सूर निघाल्याबरोबर त्याले कुंकू लावतेत, आन् वरून नाई, आंदर, जिथून सूर निंगते तिथंच लावतेत. पेटी घेतली तं फळी काढून पितळेच्या सुरायले टिळा. बाबानं पेटीच्या कप्प्यातून कुंकवाची डबी काढली, बोट तलावाच्या पान्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं, आन् आम्ही काई म्हनाच्या आधी वंदीच्या चकतीवर टेकवलं.

आवाज बंद.

वंदी वाकली. सोन्याच्या तारा तुटल्या होत्या, चकती लाल पान्यात. मी तोंड उघडलं तं तिनं माहा पाय तिच्या पायानं दाबला. बाबाचं बोट अजून वरच होतं. डोळे उघडून हसून राह्यले होते. म्हने, "पाह्य, अजून वाजून राह्यली. भाता नाई, काई नाई, आन् वाजून राह्यली!"

वंदीनं हळूच बटन धरलं आन् फिरवलं, मेलेलं बटन. जराशी खाली. बाबानं पेटीवर काळी एक दाबली. आनखी फिरवलं, बाबा आनखी खाली उतरले. वर नेलं, बाबा वर. मी पाहून राह्यलो होतो, डबी मुकी, आन् ते दोघं बापलेक एकमेकांच्या मागं मागं सूर धरून चालले होते. बाबाची नजर तिच्या बोटावर होती का ते खरंच ऐकत होते, मले आजबी सांगता येनार नाई. कवडू मागून म्हने, "काय भारी मशीन आहे जी." त्याले बिचाऱ्याले पेटीचाच आवाज येत होता.

परत येताना बाबा पुढं निंगून गेले. मी खुर्ची खाली ठेवली, म्हनलो, "वंदे, सांगून दे त्यायले. नवीन लावून घे." ती म्हने, "नवीन लावाले बंगलोर लागते, दादा. आन् मले आता..." मंग थांबली. टोप काढून मांडीवर घेतला. म्हने, "त्यायनं सूर वळखला. काळी दोन म्हने, आन् काळी दोनच होती. एवढं खरं आहे ना? बस. आता मंधात बोलू नको, तुहा पार्ट नाई हा." तेवढं बोलून ती रडली. डबीसाठी रडली, का कशासाठी, इचारलं नाई. राजाच्या खुर्चीत बसून रडली आन् मी समोर उभा, मले एक गंमत सुचली नाई. जनमात पयल्यांदा.

मंग नागपूर, दवाखाना, आन् मंग माहं ते कागजनगर.

तेराव्यानंतर बंगलोरहून तिची मैत्रीन आली, शैलजा नावाची, सोबत काम करनारी. मराठी येत नाई, हिंदीत बोलली. डबी पाहून तिनं हातात घेतली, सुकलेलं कुंकू पाह्यलं, आन् मी सांगतलं तं गालावरून पानी पुसत हसली. म्हने, "भैया, ये ठीक हो जाएगा. मेरे पास वंदना की बनाई हुई एक और है. नया लगा के भेज दूँ?" मले वाटलं, लगेच हो म्हनावं. वंदीच्या हातची आहे, पुन्हा वाजंल, सारा गाव ऐकंल. मंग मनात आलं, नवीन आली, वाजाले लागली, आन् बाबाचं बोट वर झालंच नाई तं? तेवढा एक सूर होता, तोबी गेला असंल तं? आन् गेला नसंल तं बी, खरी वाजल्यावर त्यायले समजंल ना, का इतके दिवस काय ऐकत होतो... मले काईच ठरवता येईना. म्हनून बाबापाशी गेलो, डबी दाखवली, हातवारे करून इचारलं, "बाबा, ही दुरुस्तीले धाडू का?"

बाबा म्हने, "काऊन? बिघडली का?"

मी शैलजाले सांगतलं, रहू दे. ती समजली. ती दुसरी चकती तिनं मंग बंगलोरहून काचेच्या कुपीत घालून धाडली, ती मी तशीच घराच्या आढ्याले बांधून ठेवली आहे, वाऱ्यापान्यापासून दूर.

आता रोज सकाळी असं होते. मी तलावावरून येतो, जाळं वाळत घालतो. बाबा ओट्यावर बसलेले राह्यते, एका बाजूले पेटी, दुसऱ्या बाजूले डबी. आधी ते डबीले कान लावते, डोळे मिटते, सूर घेते, आन् मंग पेटीची काळी दोन दाबते, खर्जातली. केसभर बी इकडे तिकडे नाई. मले बलावून समोर उभं करते आन् म्हनते, म्हन. मी म्हनतो, बेसूर. माहा पार्ट वाचून दाखवनारी गेली, या साली स्टेजवर काय बोलनार मालूम नाई, पन ओट्यावर रोज गातो. ऐकनाराले ऐकू येत नाई म्हनून बरं आहे.

काल डबीले कान लावून ते नेहमीपेक्षा जास्त येळ बसले. पेटीवर बोट ठेवलं, पन दाबलं नाई. माह्याकडे पाह्यलं आन् म्हने, "सोमा, आवाज थोडा कमी झाला का रे हिचा?"

मी त्यायच्या जवळ बसलो. डबी उचलून माह्या कानाले लावली, येळ घेऊन ऐकलं.

"नाई बाबा," मी हात हालवून म्हनलो. "होता तेवढाच आहे."

बाबानं मान हालवली आन् काळी दोन दाबली.